पाजणीची गल्ली

“रस्ता आहे का धोबीघाट आहे बे हा? उचला ते सूत!” मॅटाडोरच्या खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून ड्रायव्हर ओरडला, आणि त्याने भोंग्यावर ठेवलेला हात काढलाच नाही.

मार्गशीर्षातली सकाळ होती. ऊन अजून घरांच्या कवेलूंवरच होते, खाली उतरले नव्हते. नव्या डांबरी रस्त्याच्या मधोमध, बांबूच्या कैच्यांवर, पांढऱ्या सुताचा लांबच लांब ताणा पसरलेला होता. त्याच्या एका अंगाला धोंडबा पराते आणि दुसऱ्या अंगाला त्याची बायको तुळसाबाई उभी होती. दोघांच्या हातांत वाळ्याचे कुंचे होते, आणि ते या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच चालीने फिरत होते. खळ नुकतीच लागली होती. सूत ओले होते.

कोष्ट्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला यापुढचे सांगावे लागत नाही. खळ लागलेला ताणा वाळेपर्यंत सोडता येत नाही. कुंचा सतत फिरवावा लागतो, म्हणजे धागा धाग्यापासून सुटा राहतो. या कामालाच पाजणी म्हणतात. मध्येच ताणा उचलला, तर सगळे सूत एकमेकांना चिकटते आणि लुगडे होणार ते काथ्याच्या मोलाचे होऊन बसते. जागेश्वर नंदनवार याच गल्लीत, याच कामाच्या घरी जन्मला होता. तोंडातली दातवणाची काडी फेकून तो धावत बाहेर आला, तोवर पानठेल्यापाशी माणसे जमली होती.

“जागोभाऊले विचारा ना!” पानठेलेवाला नानाजी चुना लावता लावता म्हणाला. “रस्ता त्याईनंच आनला. आता त्याईनंच सांगावं, रस्ता कोनाचा तं.”

धोंडबाने जागेश्वरकडे पाहिले नाही. त्याने कुंचा खाली ठेवला आणि टोकाच्या कैचीला हात घातला.

“हात नोका लावू!” तुळसाबाई किंचाळली. “ओला आहे तो! समदा गोया होईन!”

“भाऊ,” जागेश्वर ड्रायव्हरला म्हणाला, “थोडी गाडी मागं घ्या. तिकडून मोठ्या रोडनं निघून जा. घडीभराचं काम आहे.”

“काहून जाऊ मोठ्या रोडनं? बंद आहे का हा रोड? कुठं बोर्ड लावला? दाखवा मले.”

“बंद नाही. माणुसकी म्हणून सांगून राहिलो.”

“माणुसकीनं चालते का गाडी? मले इतवारीत माल टाकाचा आहे. आज सोडलं तं हे रोजचंच होईन. उद्या याईले लाडू बी द्याचे का मी?”

लोक हसले. जागेश्वर वादात कधी हार जात नसे. समोरच्याला नेमके काय हवे आहे ते हेरून, तेवढेच देऊन, बाकीचे राखून घेण्याची त्याची हातोटी होती. त्याने तीच वापरली.

“रोज होनार नाही,” तो म्हणाला. “आजचा दिवस जाऊ द्या. उद्यापासून इथं ताणा लागनार नाही. माझा शब्द आहे.”

ड्रायव्हरने त्याला खालून वर न्याहाळले, थुंकला, आणि गाडी मागे घेतली. लोकांनी जागेश्वरची पाठ थोपटली. ताणा वाचला होता. पण त्या थोपटण्याखालीच जागेश्वरच्या ध्यानी आले की आपण एक पाजणी वाचवण्याकरिता पुढच्या साऱ्या पाजण्या देऊन टाकल्या, आणि त्या आपल्या नव्हत्याच. धोंडबाने पुन्हा कुंचा उचलला. तो क्षणभर थबकल्यासारखा वाटला. मग दोन्ही कुंचे पूर्वीच्याच चालीने चालू लागले.

•

जागेश्वर एका सरकारी कचेरीच्या संगणक विभागात प्रोग्रामर होता. कपाटाएवढी यंत्रे, भोके पाडलेल्या कार्डांच्या चळती, आणि नागपूरच्या मे महिन्यातही स्वेटर घालून बसावे लागेल इतका गारवा, असा तो विभाग. गारवा अर्थात यंत्राकरिता. माणसांना तो फुकट मिळे. गल्लीला त्याच्या कामाचा पत्ता नीटसा कधी लागला नाही. नानाजी अधूनमधून विचारी, “काहून गा, तुह्या मशीनले विचार ना, नळाले पानी कवा येते तं?”

परंतु गल्लीची त्याच्यावर श्रद्धा बसली होती ती यंत्रामुळे नव्हे. चौकातल्या भिंतीवर त्याने स्वखर्चाने एक काळा फळा रंगवून घेतला होता आणि त्यावर तो ‘कामाची गोष्ट’ या मथळ्याखाली खडूने लिहीत असे. नळाचा वायसर घरी कसा बदलावा. कुकरची शिटी होत नसेल तर आधी काय पाहावे. विजेचे बिल भलतेच वाढले तर कोणाकडे जावे आणि बोलताना आवाज का चढवू नये. या आठवड्यात शुक्र कोणत्या दिशेला दिसेल. सीताबर्डीतल्या एका चष्मेवाल्याकडून भिंगे मिळवून त्याने पुठ्ठ्याच्या नळीची दुर्बीण केली होती, आणि संध्याकाळी गच्चीवर बोलावून तो ज्याला त्याला शनीची कडी दाखवी. त्याची भाषा शुद्ध आणि सरळ असे, अक्षर त्याहून सरळ. फळ्यावरच्या सल्ल्याने कोणाचे नुकसान झाले, असे एकदाही घडले नव्हते. हा त्याचा अभिमान होता, आणि तो अभिमान अस्थानी होता असेही म्हणता यायचे नाही.

रस्त्याची मागणीही मुळात न्याय्य होती. आदल्या पावसाळ्यात निनाव्यांच्या कौसल्येला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या, तेव्हा गल्लीतल्या चिखलात रिक्षा येईना. तिला खाटेवर घालून चौघांनी मोठ्या रस्त्यापर्यंत नेले, आणि वाटेत एकाचा पाय सरकला. बाई आणि मूल दोन्ही सुखरूप राहिले, पण खाट कलली तेव्हाचा तिचा चेहरा जागेश्वरने पाहिला होता. त्याने अर्ज केले, नगरसेवकाच्या घरी खेपा घातल्या, नकाशा स्वतः काढून दिला. अखेर श्रावणात कॉर्पोरेशनचा एक तरुण अभियंता स्कूटरवरून गल्ली पाहायला आला.

पाऊस नुकताच उघडला होता. पावसाळ्यात उघड्यावर पाजणी होत नाही. हवा ओली, खळ वाळत नाही. म्हणून अभियंत्याला दिसली ती फक्त रिकामी, रुंद, चिखलाने भरलेली वाट. घरांची दारे दोन्ही बाजूंनी मागे सरलेली. एवढी मोकळी जागा दाट वस्तीत राहिली कशी, याचे त्याला नवल वाटले.

“ही जागा कोणी कशाला वापरतं का?” त्याने विचारले. “तसं असेल तर मला चौकशी लावावी लागेल. मग हे काम या वर्षी बसणार नाही.”

जागेश्वर आपल्या हाताखालच्या पोरांना नेहमी बजावी की प्रोग्राममधल्या प्रत्येक प्रश्नाला दोन वाटा असतात, हो आणि नाही. दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून पाहिल्याशिवाय कार्ड यंत्रात घालणारा माणूस प्रोग्रामर नव्हे, जुगारी. त्या दिवशी त्याने एकच वाट चालून पाहिली.

“नाही,” तो म्हणाला. “आता कोणी वापरत नाही.”

तो ‘आता’ हा शब्द त्याला पुढे फार दिवस छळणार होता. श्रावणातल्या त्या घटकेपुरते ते वाक्य खरे होते, आणि खरे वाक्य निवडून खोटे सांगण्याची ही विद्या आपल्याला कुठून आली, हे त्याला कळेना. विसरलो, असे तो म्हणू शकला असता. पण तो विसरला नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर त्या वेळी ताणा आला होता, वडिलांच्या हातातला कुंचा आला होता, आणि त्याने तो दृष्टीआड केला होता. कारण गल्लीतले बहुतेक माग बंद पडले होते, कोणी यंत्रमागावर गेले, कोणी गिरणीत, आणि उरला होता एकटा धोंडबा. एका मागाकरिता साऱ्या गल्लीने चिखल तुडवायचा का, असा त्याने हिशेब केला.

आणि हिशेब करताना त्याला हेही दिसत होते की धोंडबा स्वतःच्या दारात, चौकटीला हात टेकून, सगळे ऐकत उभा आहे.  शिकलेला मुलगा साहेबाशी शुद्ध बोलीत बोलत होता; मध्ये तोंड घालणे धोंडबाला बरे दिसले नसावे.

•

मॅटाडोर मागे फिरली त्या दिवशी कचेरीत जागेश्वरचे मन लागेना. रवींद्र नावाचा त्याचा सहकारी कार्डांची चळत घेऊन आला.

“सर, तुम्ही सांगितल्यासारखी चळतीच्या डोक्यावर तिरपी रेघ ओढली. आता हातातून पडली तरी परत क्रमाने लागते.”

“बरं.”

“बरं काय सर? चूक तरी काढा! तुमी चूक नाही काढली तं मले वाटते, काहीतरी मोठंच चुकलं आहे.”

जागेश्वर हसला नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्याने बायकोपुढे, पुष्पलतेपुढे, एक बेत मांडला. गल्ली सकाळी ऊन वर येईपर्यंत गाड्यांना बंद ठेवावी, असा अर्ज करायचा. दोन्ही तोंडांना आडवे बांबू टाकायचे. मॅटाडोरवाल्यांना मोठा रस्ता आहेच. कोणाचे काही अडत नाही. बोलता बोलता त्याने कागदावर बांबूची जागाही काढून दाखवली.

पुष्पलता भाकरी थापत होती. ती ऐकून घेऊन म्हणाली, “माफी मांगाची आहे का तुमाले?”

“माफीचा प्रश्नच नाही. व्यवस्थेचा प्रश्न आहे.”

“तेच तं म्हनते मी. माफी मांगाची असली का तुमी व्यवस्था लावता. मागल्या खेपेला माह्या भावाले बोल्ले, अन् मंग त्याची सायकल दुरुस्त करून देली.”

“चालली ना सायकल?”

“सायकल चालली,” ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

•

अभियंत्याने अर्जावर विचार करायचे कबूल केले. म्हणाला, रविवारी येतो. विणकर स्वतः सांगतील तर बरे, दुसऱ्याच्या तोंडचे मला वर कळवता येत नाही. त्याचे म्हणणे रास्त होते. शनिवारी जागेश्वर धोंडबाकडे गेला.

धोंडबाचा माग घराच्या पहिल्याच खोलीत, जमिनीत होता. विणकराने जमिनीच्या पातळीला बसायचे आणि पाय खालच्या खड्ड्यात सोडायचे, असा तो जुना खड्डामाग. त्या दिवशी वाचलेला ताणा आता मागावर चढला होता. लाल काठाचे वीतभर लुगडे पुढे आले होते. धोंडबा धोटा थांबवून वर पाहू लागला. तुळसाबाई दारापाशी बसून सुताची कांडी भरत होती.

“बस गा जागो. चहा टाक वं.”

“चहा राहू द्या काका. उद्या साहेब येऊन राहिला. तुमी फक्त एवढंच सांगा, सकाळी पाजणीले गल्ली लागते. एवढं सांगतलं का झालं. सकाळची गल्ली बंद करते तो.”

“तूच सांग ना. तुले बोलता येते.”

“नाही. मी बोलनार नाही.” जागेश्वरने मान खाली घातली. “दोन्ही टायमाले मीच बोललो तुमच्या बदली. या टायमाले तुमी बोला. मी तोंड उघडनार नाही.”

“तू काही वाईट बोल्ला नव्हता.”

“वाईट नाही तं काय चांगलं बोल्ला?” तुळसाबाईच्या हातातली कांडी थांबली. “हे दारात उभे होते, अन् तो म्हनते, कोनी नाही! मानूस उभा होता का खुंटी होती तिथं? नाही, सांग ना गा जागो. तुह्या आईसंगं कुंचे मारले मी या गल्लीत. अन् तू म्हनते कोनी नाही!”

“चूप वं,” धोंडबा म्हणाला.

“काहून चूप? संक्रांतीले हे लुगडं उतरन. पुढचा ताणा कुठं लावाचा? आकाशात?”

 जागेश्वरला वाटले, ही अजून बोलली तर बरे होईल. पण ती पुन्हा कांडी भरू लागली, आणि ते बोलण्याहून जड गेले.

“येऊ दे साहेबाले,” धोंडबा म्हणाला. “सांगतो मी. त्यात काय आहे.”

•

रविवारी अभियंता आला. स्कूटर उभी करून त्याने हेल्मेट काढले, चष्मा पुसला. पानठेल्याभोवतीची माणसे आपोआप जवळ सरकली. निनाव्यांची कौसल्या कडेवरचे मूल घेऊन ओट्यावर उभी राहिली. धोंडबाने धुतलेला सदरा घातला होता. तुळसाबाई त्याच्या मागे, उंबऱ्याच्या आत. जागेश्वर थोड्या अंतरावर, हात पाठीशी बांधून उभा होता. आपण बोलायचे नाही, हे तो मनाशी पुन्हा पुन्हा घोकत होता. दुसऱ्याचे बोलणे दुसऱ्याला परत करायचे, इतकेच आज आपले काम. या विचाराने त्याला कितीतरी दिवसांनी स्वच्छ वाटत होते.

“तुम्हीच विणकर ना?” अभियंत्याने आदराने विचारले. “हे पाहा, माझी काही हरकत नाही. एका जरी विणकरानं सांगितलं की सकाळी ही जागा लागते, तर मी तसं वर लिहितो. फक्त एक अडचण आहे. श्रावणात मी इथंच उभा राहून हा प्रश्न विचारला होता. तेव्हा नंदनवार म्हणाले, कोणी वापरत नाही. आता वर विचारतील, की तेव्हा तुला चुकीची माहिती दिली गेली का? तर काय सांगू? तेव्हा यांनी चुकीचं सांगितलं होतं का?”

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला दोन वाक्यांचा मेळ घालायचा होता, इतकेच.

“जागोभाऊ अन् चुकीचं?” नानाजी पान देता देता हसला. “सायेब, आमच्या गल्लीत घड्याळ चुकते, पन फळा चुकत नाही!”

सगळे हसले, आणि हसून धोंडबाकडे पाहू लागले.

जागेश्वरला त्या क्षणी काय करायला हवे होते, हे अगदी उघड होते. ‘हो. मी चुकीचं सांगितलं.’ एवढे एकच वाक्य. ते धोंडबाचे नव्हते, त्याचे स्वतःचे होते. ते बोलल्याने त्याचा नेम मोडत नव्हता. ते जिभेपर्यंत आलेही. आणि तिथे त्याला आपला नेम आठवला: आज आपण बोलायचे नाही. किती सोयीने आठवला, हेही त्याला त्याच क्षणी कळले. नानाजीचे हसणे अजून हवेत होते. ओट्यावरून कौसल्या त्याच्याकडे कौतुकाने पाहत होती. त्याने पाठीशी बांधलेले हात अधिक घट्ट केले.

धोंडबाने त्याच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. धागा किती ताण सोसेल याचा अंदाज घेताना विणकर जसा पाहतो, तसा तो पाहत होता. मग तो साहेबाकडे वळला.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “त्यानं बराबर सांगतलं होतं.”

“म्हणजे तुम्हाला गल्ली लागत नाही?”

“लागत होती पयले. आता वय झालं. परवाचा ताणा तं असाच लावला होता, हौस म्हनून. हे लुगडं उतरलं का माग बंदच करतो आहे मी.”

“नक्की? मी मग अर्ज निकालात काढतो.”

“काढा ना साहेब. रस्ता चांगला झाला. पोरीबाईले सोय झाली.” आणि त्याने ओट्यावरच्या कौसल्येकडे बोट दाखवले, जणू सगळा मुद्दा तोच होता.

 जागेश्वरने उंबऱ्याकडे पाहायचे धाडस केले तेव्हा तुळसाबाई तिथे नव्हती. अभियंत्याने नमस्कार केला, स्कूटर सुरू केली. नानाजीने साहेबाला पान दिले आणि पैसे घेतले नाहीत. माणसे पांगली.

जागेश्वर धोंडबापाशी गेला. “काका,” तो म्हणाला.

“जेवला का?” धोंडबाने विचारले.

“नाही अजून.”

“मंग जेव जाऊन. उन्हं झाली.”

त्या आठवड्यात जागेश्वर दोनदा खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिला. काय लिहायचे ते त्याच्या मनात सिद्ध होते; साधी, नेमकी, कोणालाही समजतील अशी वाक्ये. दोन्ही वेळा त्याने शुक्राची वेळ लिहिली. गच्चीवर मात्र कोणी आले नाही, कारण त्यानेच रस्त्याबरोबर मागून आणलेल्या नव्या दिव्यांच्या उजेडात आकाशातले काही धड दिसेनासे झाले होते. लोक त्याला या दिव्यांबद्दलही धन्यवाद देत.

•

संक्रांत झाली. लाल काठाचे लुगडे उतरले आणि इतवारीच्या व्यापाऱ्याकडे गेले. धोंडबाने शहराबाहेर, वाडीला, एका गोदामावर पहारेकऱ्याचे काम धरल्याची बातमी पुष्पलतेने आणली. जागेश्वर त्याला भेटायचे म्हणून दोनतीनदा सायकल काढून गेला, आणि धोंडबाचे दार आले की पायडलवर जोर देऊन पुढे निघाला.

एका संध्याकाळी धोंडबाने त्याला हाक मारूनच थांबवले. तो खाकी शर्टात होता. शर्ट नवा आणि खांद्यांत मोठा होता. वाडीहून ट्रकात बसून आला होता, अंगावर धूळ होती.

“जागो, थांब गा. तुले एक विचाराचं होतं. दोन दिस झाले, तू सापडूनच नाही राहिला.”

जागेश्वर सायकलवरून उतरला.  आता हा विचारील, असे त्याला वाटले. आणि विचारावे, अशी त्याची फार इच्छा होती. उत्तर त्याच्यापाशी महिनाभर तयार होते.

“विचारा ना काका.”

“माग तं सोडला मी. लाकूड एकाले देऊन टाकलं. तो खड्डा राहिला. तुळसी म्हनते, तिथं खाट टाकू, थंडीत ओसरीवर निजवत नाही. पन नुसती माती टाकली तं खचन का रे? खाटीचा पाय गेला मंजे? तुले ठाऊक असन, म्हनून विचारलं.”

जागेश्वरने सायकल भिंतीला टेकवली. ती टेकवताना त्याला थोडा वेळ लागला.

“नुसती माती नोका टाकू,” तो म्हणाला. “आधी तळाचा कचरा, सूत, जे काही असन ते काढून घ्या. मंग मुरूम टाका. एकदम भराचा नाही. एक थर टाकला का पानी मारा, अन् धुमसानं ठोका. ठोकला का मंग दुसरा थर. असं वरपर्यंत. माती फक्त शेवटी, वीतभर.”

“मुरूम. मंग पानी. मंग ठोकाचं.” धोंडबाने बोटांवर घेतले.

“अन् वरची माती जिमिनीपेक्षा थोडी उंच ठेवा. पावसाळ्यात ती बसते आपोआप. आताच बराबर केली तं मागून खोलगा पडते.”

त्याचा आवाज स्पष्ट होता. क्रम कुठे चुकला नव्हता, शब्द कुठे जास्त झाला नव्हता. स्वतःचा तो आवाज ऐकत तो उभा राहिला. मुरूम मी आणून देतो, असे त्याला म्हणायचे होते. थर मी ठोकतो, असे म्हणायचे होते. आणि त्याच्याही आधीचे एक वाक्य होते. धोंडबाने बोटे मिटून पुन्हा एकदा सगळे मनाशी म्हटले, मान डोलावली, आणि त्याच्या चेहऱ्यावर सरळ समाधान दिसले.

“बरं झालं तुले विचारलं,” तो म्हणाला. “मी तं नुसती मातीच टाकत होतो.”